कोठार नसलेलं चलन

कुंभकोणमहून तंजावरकडे निघालं की वाटेत पापनाशम् लागतं. तिथल्या पालैवननाथर देवळाजवळ नायक राजांच्या काळातलं, सतराव्या शतकातलं अवाढव्य भातकोठार उभं आहे. सुमारे ३,००० कलम (धान्याचं तिथलं जुनं माप) भात मावेल एवढं. १६७६ मध्ये व्यंकोजीराजांनी तंजावरची गादी घेतली, तेव्हा हा सुपीक मुलूखही भोसल्यांकडे आला. त्यांच्या मोडी दफ्तरांत चक्रम् आणि पणम् या नाण्यांचे हिशेब सापडतात. पण कावेरीकाठी खरी ऐपत भातावरूनच कळायची. सुगीत कोठार भरायचं, टंचाईत उघडायचं. भाव फार उसळत नाही, फार कोसळतही नाही.

रिझर्व्ह बँक थोड्याफार फरकाने हेच करते. २०२२ मध्ये डॉलर ७४ रुपयांवरून ८३ च्या आसपास गेला. घसरण आवरायला बँकेने साठ्यातले डॉलर विकले. त्याच वर्षात बिटकॉइनची जवळजवळ दोन-तृतीयांश किंमत उडाली. तिथे सावरायला कोण येणार?

कोणी येऊच नये, अशीच त्याची रचना आहे. एकूण नाणी २ कोटी १० लाख, त्यापुढे एकही नाही. सोन्याचा भाव चढला की खाणवाले जास्त खोदतात आणि थोडं का होईना, जास्त सोनं बाजारात येतं. बिटकॉइनमध्ये भाव चढला की नाणी मिळवायला जास्त संगणक जुंपले जातात. मात्र दर २,०१६ ब्लॉकनंतर (ब्लॉक म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचा गठ्ठा; त्यासोबतच नवी नाणी निघतात) संगणकांना सोडवायचं गणित आपोआप अवघड होतं आणि नव्या ब्लॉकचा वेग पुन्हा दहा मिनिटांना एक असा होतो. वीज जास्त जळते, नाणी तेवढीच. पुरवठा हलत नाही, म्हणून मागणीचा प्रत्येक धक्का थेट किमतीला बसतो. सरकार नोटा छापून महागाई करेल, ही यामागची भीती खोटी नाही. झिंबाब्वेत ते घडलं. पण त्यावरचा हा उपाय मला रोगाइतकाच जालीम वाटतो.

मग निघाली ‘स्टेबलकॉइन’, एका डॉलरला बांधलेली नाणी. त्यातलं टेरायूएसडी डॉलरच्या साठ्याविना, नुसत्या गणिती युक्तीवर उभं होतं. मे २०२२ मध्ये ते काही दिवसांत मातीमोल झालं. टेथर हे दुसरं स्टेबलकॉइन टिकलं. त्याच्या गंगाजळीत मोठा वाटा अमेरिकी सरकारच्या कर्जरोख्यांचा आहे.