हक्कलेख हरवले तरी गहाण कायम

स्थावर मालमत्तेचे मूळ हक्कलेख बँकेकडे ठेवून कर्ज घेण्याची पद्धत देशभर रूढ आहे. ‘इक्विटेबल मॉर्गेज’ या नावाने परिचित असलेल्या या गहाणास मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५८ अन्वये मान्यता आहे. आगीत, पुरात किंवा शाखेच्या स्थलांतरात हे हक्कलेख नष्ट वा गहाळ झाल्यास बँकेचे तारण संपुष्टात येते, असा समज आढळतो. तो बरोबर नाही.

कर्जास तारण म्हणून हक्कलेख सुपूर्द होताच हे गहाण अस्तित्वात येते. पुढे कागद हरवल्याने ते लोप पावत नाही. बदलते ती केवळ ते सिद्ध करण्याची रीत.

दुय्यम पुरावा

मूळ दस्तऐवज हरवला असता दुय्यम पुरावा देण्याची मुभा पूर्वी पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम ६५ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६० मध्ये आहे. त्यासाठी बँकेला पुढील बाबी दाखवाव्या लागतात :

१. मूळ दस्तऐवज अस्तित्वात होता व तो तारण म्हणून ठेवला गेला. शाखेची नोंदवही, कर्जदाराचे पत्र व संबंधित अधिकाऱ्याची साक्ष येथे उपयोगी पडते.

२. तो खरोखर हरवला असून त्याचा कसून शोध घेण्यात आला. पोलिसांकडील नोंद व शपथपत्र यास बळकटी देतात.

३. त्यातील मजकूर. नोंदणीकृत खरेदीखताची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधकांकडून मिळते.

मात्र मूळ दस्तऐवजावर पुरेसे मुद्रांक शुल्क भरलेले नसेल, तर त्याची प्रत पुराव्यात घेता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये दिला आहे.

दाद कोठे मागावी?

थकीत रक्कम २० लाख रुपये वा अधिक असल्यास बँक कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे जाते. त्याखालील रकमेसाठी दिवाणी न्यायालयात गहाणाचा दावा दाखल होतो. या दाव्याची मुदत रक्कम देय झाल्यापासून १२ वर्षे आहे.

कर्जदाराचे संरक्षण

हक्कलेख गहाळ झाले म्हणून परतफेड टाळता येत नाही. परंतु ते जपण्याची जबाबदारी बँकेचीच आहे. गृहकर्जादी वैयक्तिक कर्जांसंबंधी रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ रोजी निर्देश दिले. त्यांनुसार पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत द्यावयाची असतात. बँकेमुळे विलंब झाल्यास दररोज ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. कागदपत्रे हरवल्यास प्रमाणित प्रती मिळवून देण्यास साहाय्य करणे व त्याचा खर्च सोसणे बँकेवर बंधनकारक आहे. त्यासाठी आणखी ३० दिवस मिळतात.

म्हणूनच हक्कलेख सुपूर्द करताना त्यांची तपशीलवार पोच घ्यावी आणि छायाप्रती स्वतःजवळ जपून ठेवाव्यात. प्रसंगी तीच पोच कर्जदार व बँक या दोघांच्याही उपयोगी पडते.