मोरी तुंबते ती भिंतीत
नेदरलँड्सच्या किनाऱ्यावर काटवाइक नावाचं मच्छीमारांचं जुनं गाव आहे. तिथल्या काही घराण्यांत पन्नाशीच्या आगेमागे मेंदूत रक्तस्राव व्हायचा; आजोबांना झाला, वडिलांना झाला, मग मुलालाही. ब्लडप्रेशरला दोष द्यावा, तर ते नसलेल्यांनाही हे दुखणं सोडत नसे. १९९० मध्ये कारण हाती लागलं. अमायलॉइड बीटा हे प्रथिन ज्या जनुकातून येतं, त्यात एका अक्षराचा फेर होता.

अमायलॉइड म्हटलं की आपल्याला अल्झायमर आणि मेंदूच्या पेशींभोवतीची पुटं आठवतात. पण १९८४ मध्ये ग्लेनर आणि वाँग या संशोधकांनी हे प्रथिन पहिल्यांदा वेगळं काढलं ते मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्यांमधून. नंतर पुटांचा एवढा गाजावाजा झाला की वाहिन्या मागेच पडल्या.

हे प्रथिन निरोगी मेंदूतही रोज तयार होतं आणि रोज त्याची विल्हेवाट लागते. त्यातलं काही धमन्यांच्या भिंतीतून बाहेर पडतं. रक्ताबरोबर नव्हे, भिंतीतल्या स्नायूपेशींमधल्या अरुंद पदरांतून, रक्ताच्या उलट दिशेनं. धमनीचं आकुंचन-प्रसरण हाच या निचऱ्याचा पंप, असं मानलं जातं. वयानं धमनी ताठरली की पंप मंदावतो आणि गाळ भिंतीतच बसतो. त्यानं स्नायूपेशी मरतात, पंप आणखी मंदावतो, गाळ आणखी साचतो. शेवटी स्नायूंच्या जागी नुसतं अमायलॉइड उरतं. अशी वाहिनी गरजेनुसार रुंदावत नाही, तिचे थर सुटतात, सूक्ष्मदर्शकाखाली नळीत नळी दिसते. मग ती झिरपते, कधी फुटते.

फुटण्याची जागाही बोलकी असते. ब्लडप्रेशरचा रक्तस्राव बहुधा मेंदूच्या खोल भागात होतो. अमायलॉइडचा मात्र पृष्ठभागाजवळ, विशेषतः मागच्या बाजूला. एमआरआयमध्ये जुन्या गळतीचे बारीक काळे ठिपके दिसतात.

या ठिपक्यांना आता वेगळंच महत्त्व आलंय. अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळालेलं लेकानेमॅब हे अल्झायमरवरचं औषध मेंदूतली अमायलॉइडची पुटं उपसतं, पण काही रुग्णांत सूज आणि रक्तस्राव घडवतं. सुटलेला गाळ त्याच तुंबलेल्या भिंतींवर येऊन आदळत असावा, असा अनेक संशोधकांचा कयास आहे. म्हणून औषध सुरू करण्याआधी डॉक्टर ठिपके मोजतात. चारांहून जास्त निघाले तर बहुधा इंजेक्शन देतच नाहीत.