बाटलीवर वाढलेलं कोकरू कुत्र्याला का जुमानत नाही

इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवरच्या डोंगराळ भागात मार्च-एप्रिल हे मेंढ्या विण्याचे महिने. या दिवसांत जवळजवळ प्रत्येक शेतावर दोन-चार कोकरं अशी निघतात, ज्यांना आईचं दूध मिळत नाही. कुणाची आई विताना दगावलेली असते, कुणाच्या आईला पान्हाच फुटत नाही, तर कुणी तिळ्यांतलं तिसरं असतं आणि मेंढीला सड दोनच. मग ही कोकरं घरात येतात, शेगडीजवळच्या खोक्यात झोपतात, बाटलीने दूध पितात. पुढे ती कुरणावर जातात आणि खरा घोळ तिथे सुरू होतो. शेतकरी आपला बॉर्डर कॉली सोडतो. बाकीचा कळप कुत्रा दिसताच माना वर करून एकवटतो आणि चालू लागतो. ही दोन-चार मात्र जागची हलत नाहीत. एखादं पुढे येऊन कुत्र्याच्या नाकाला नाक लावतं, एखादं पुढचा पाय आपटतं, उरलेली धन्याच्या पायांत घुटमळत त्याच्या कोटाचा खिसा हुंगतात. कुत्रा धन्याकडे बघतो. धनी शिव्या घालतो. कुणाला, ते त्यालाच माहीत.

बघणाऱ्याला गंमत वाटते आणि निष्कर्षही लगेच निघतात: कोकरू हट्टी आहे, कुत्रा पुचाट आहे, लाडाने वाट लागली. यातला लाडाचा मुद्दा अर्धामुर्धा खरा आहे. बाकीचे दोन्ही टिकत नाहीत.

‘कुत्रा मेंढरांना दाताच्या धाकाने हाकतो’

हा मूळ गैरसमज. तो सुटला की पुढचे निम्मे सुटतात.

चरणाऱ्या प्रत्येक जनावराभोवती न दिसणारं एक रिंगण असतं. परकं कुणी त्या रिंगणाच्या आत आलं की जनावर सरकतं, मागे हटलं की थांबतं. अमेरिकेतल्या टेम्पल ग्रँडिन यांनी गुरामेंढरांच्या हाताळणीवर आयुष्यभर काम केलं, त्यात हे बुजण्याचं अंतर आणि जनावराचा खांदा या दोन गोष्टींवर त्यांचा फार भर आहे. खांद्याच्या मागून रिंगणात शिरलात तर जनावर पुढे जातं, खांद्याच्या पुढून शिरलात तर मागे फिरतं. चांगला कॉली दिवसभर एवढंच करत असतो. रिंगणाच्या कडेवर राहायचं, वीतभर आत शिरायचं, मेंढ्या हलल्या की दाब सोडायचा. धनी ‘कम बाय’ म्हणाला की मेंढ्यांभोवती घड्याळाच्या काट्याप्रमाणे वळायचं, ‘अवे’ म्हणाला की उलटं. हे सगळं मुकाट्याने, न भुंकता. भुंकून मेंढ्या हाकणारी जात न्यूझीलंडची हंटअवे. तिचं काम वेगळं, डोंगरही वेगळे.

कॉलीची ती दबकी चाल आणि रोखलेली नजर शिकाऱ्याची आहे, यात वाद नाही. लांडग्याची शिकार क्रमाने होते: बघणं, नजर रोखणं, दबकत जाणं, धावणं, धरणं, मारणं. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून कॉलीत पहिले चार टप्पे वाढवले आणि शेवटचे दोन दाबले. नॉर्थम्बरलंडमध्ये अ‍ॅडम टेल्फर यांच्याकडे १८९३ मध्ये जन्मलेला ‘ओल्ड हेम्प’ हा आजच्या बॉर्डर कॉलींचा मूळपुरुष मानला जातो. त्याची ख्याती सांगतात ती शांतपणाची. तो आला की मेंढ्या धावत सुटायच्या नाहीत, चालू लागायच्या. वेल्समधल्या बाला इथे १८७३ मध्ये मेंढवळणीच्या कुत्र्यांची पहिली नावाजलेली स्पर्धा झाली. आजच्या ब्रिटिश स्पर्धांमध्ये तर कुत्र्याने विनाकारण दात लावला की तो बादच होतो. धाकाचा खेळ असता तर असा नियम कशाला केला असता?

मेंढ्यांच्या बाजूनेही एक गोष्ट घडते. ऑस्ट्रेलियात ४६ मेंढ्यांच्या आणि एका केल्पी कुत्र्याच्या पाठीवर जीपीएस बांधून संशोधकांनी त्यांच्या हालचाली टिपल्या आणि २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कुत्रा जवळ येताच प्रत्येक मेंढी कळपाच्या मध्याकडे सरकत होती. संकटात कडेला राहण्यापेक्षा दुसऱ्यांना कडेला ठेवून आपण आत घुसायचं, असा साधा आपमतलबी हिशेब. पुढे २०१४ मध्ये याच मोजमापांच्या आधारे दाखवण्यात आलं की कुत्र्याला दोन नियम पुरतात: मेंढ्या पांगल्या असतील तर गोळा कर, गोळा झाल्या असतील तर मागून पुढे रेट.

म्हणजे कुत्र्याच्या हातात हत्यारं दोनच. एक, मेंढीचं बुजणं. दुसरं, तिची कळपात घुसण्याची ओढ. बाटलीवरच्या कोकराकडे यातलं एकही धड नसतं.

(आपल्याकडच्या वाचकासाठी एक खुलासा. धनगरांच्या वाड्याबरोबर दिसणारा कुत्रा हा मुख्यतः राखणीचा. लांडगा आला तर त्याने अंगावर जायचं, मेंढरं वळवायची ती माणसाने, हाळी घालून आणि शिट्टी मारून. राखणीचा कुत्रा मेंढरांच्या जिवावर उठत नाही कारण तो पिल्लू असल्यापासून त्यांच्यात वाढलेला असतो. कॉलीची परीक्षा लावून त्याला नापास करू नये.)

‘कोकरू हट्टी आहे, नाहीतर मठ्ठ तरी’

मेंढी मूर्ख असते हा समज जगभर आहे, आणि मराठीत ‘मेंढरं’ म्हणजे काय ते सांगायला नको. केंब्रिजजवळच्या बाब्राहम संस्थेतल्या कीथ केंड्रिक आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की मेंढ्या इतर ५० मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांपर्यंत लक्षात ठेवतात. ज्याला इतके चेहरे लक्षात राहतात, त्याला बाटली घेऊन येणारा चेहरा कुठला हे बरोबर कळतं.

अडचण नेमकी तीच आहे. साधं कोकरू जन्मल्यापासून आईकडून शिकतं. कुत्रा दिसला की आई मान वर करते, पाय आपटते, मग वळून कळपात शिरते आणि कोकरू तिच्या कुशीला चिकटून तसंच करतं. घरात वाढलेल्या कोकराने कुत्रा पाहिला तो शेगडीपुढे पसरलेला. त्याच्या अंगावर चढून ते झोपलेलंही असतं. त्याच्या लेखी सुरक्षित जागा म्हणजे माणसाचे पाय. कुत्रा डोळे रोखून दबकत आला, तरी कोकराच्या डोक्यात धोक्याची घंटा वाजायला कारणच नाही, आणि वाजलीच तर ते कळपाकडे न जाता बुटांकडे धावतं. ते हुकूम मोडत नाही. हुकूम त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

बाटलीचं दूध पिऊन कोकरू अशक्त आणि म्हणून सुस्त होतं, असंही ऐकू येतं. त्यात सुस्तीचा भाग खरा असेल तर दोष बहुधा बाटलीच्या आधीच्या काही तासांचा. कोकरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढणारी प्रतिपिंडं जवळपास नसतात, ती चिकातून मिळतात. पहिल्या काही तासांत वजनाच्या दर किलोमागे निदान ५० मिलिलिटर आणि दिवसभरात २०० मिलिलिटर चीक पोटात गेला पाहिजे. तो मिळाला की बाटलीवरचं कोकरूही दणकट होतं. कुरणावर कुत्र्याला ढुशी मारणारी कोकरं बघितली की अशक्तपणाचा मुद्दा आपोआप निकालात निघतो.

‘शिकाऊ कुत्र्याला गरीब कोकरंच बरी’

यात तर्क आहे. कोकरं पळणार नाहीत, पिल्लू दमणार नाही, घराशेजारच्या वाडग्यात काम होईल. नवा कुत्रा घेतलेला हौशी माणूस हमखास इथे येतो, कारण त्याच्याकडे मेंढ्या म्हणून असतात त्या याच तीन-चार.

प्रत्यक्षात काय होतं ते बघू. कॉलीच्या पिल्लात उपजत एक ओढ असते: मेंढ्यांच्या पलीकडे जाऊन धन्याच्या बरोबर समोर उभं राहायचं, म्हणजे मेंढ्या मधोमध आणि त्यांचं तोंड धन्याकडे. सगळं शिक्षण या ओढीवर उभं राहतं. धनी डावीकडे सरकला की कुत्रा तोल राखायला आपणहून सरकतो आणि त्याच क्षणी त्याच्या कानावर हुकूम घातला जातो. आता कोकरं आधीच धन्याच्या गुडघ्याला चिकटलेली आहेत. आणायचं काय? पिल्लू गोल गोल फिरतं, जवळ येतं, कोकरं हलत नाहीत, ते आणखी जवळ येतं. इथून पुढे दोन वाटा फुटतात. ज्याची नजर कडक ते पिल्लू नजर रोखून जागीच खिळतं. समोरचं हलत नाही म्हणून हेही हलत नाही, आणि ही खोड एकदा लागली की मोडायला फार जड जाते. ज्याच्यात धसमुसळेपणा जास्त ते चिडून घुसतं आणि लोकर तोंडात धरतं. लोकर धरल्यावर कोकरू हललं, एवढा धडा ते पक्का लक्षात ठेवतं. माझ्या मते दुसरं नुकसान पहिल्यापेक्षा वाईट, कारण त्याची किंमत पुढे प्रत्येक मेंढीला मोजावी लागते.

आणखी एक बारकावा. चार-पाचांच्या खाली संख्या गेली की मेंढ्यांमध्ये कळपाची वागणूक विरळ होते, ज्याला जिकडे वाटेल तिकडे तो. तीन माणसाळलेली कोकरं म्हणजे कळप नव्हेच. म्हणून जाणते लोक शिकवण्यासाठी कुत्र्याला सरावलेल्या प्रौढ मेंढ्या राखून ठेवतात. त्या कुत्र्याला ओळखतात, त्याच्यापासून अंतर राखतात आणि उगाच उधळत नाहीत. नवशिक्याने स्वतःच्या तीन कोकरांवर महिनाभर घासण्यापेक्षा अशा कळपावर आठवड्यातून एकदा जावं. जास्त पदरात पडतं.

‘एक चावा बसला की ताळ्यावर येईल’

नाही येत. कोवळ्या कातडीला दात लागला की जखम होते, उन्हाळ्यात त्यावर माशा बसतात, किडे पडतात. घाबरलेलं कोकरू कळप शोधत नाही. ते धन्याच्या पायांत घुसतं किंवा जिथे शेवटचं दूध प्यायलं त्या फाटकाकडे सुसाट सुटतं. आईपासून तोडलेली साधी कोकरंसुद्धा आई शेवटची दिसली त्या जागेकडे अशीच उलटी फिरतात, आणि विण्याच्या हंगामात ती वळवणं मुरलेल्या कुत्र्यालाही घाम फोडतं. डोकं खाली घालून अंगावर येणाऱ्या मेंढीच्या नाकाशी कुत्र्याने दात वाजवणं अनुभवी मेंढपाळ चालवून घेतात. पाय धरणं, कूस धरणं कुणीच चालवून घेत नाही.

‘कळपात सोडलं की आपोआप शिकतं’

काही शिकतात, हे खरं. पण सोडण्याच्या आधीची तयारी महत्त्वाची. कोकरू एकटं वाढवू नये. दोन-तीन मिळून वाढली तर निदान एकमेकांना धरून राहतात. घरातला मुक्काम जितका लवकर संपेल तितका बरा. बाटली गोठ्यात किंवा बाहेर द्यावी, लळा लावू नये. साधारण पाच-सहा आठवड्यांनी, खुराक नीट खायला लागल्यावर, दूध तोडून त्यांना त्याच वयाच्या कोकरांत मिसळावं. त्यांच्यावर पहिल्यांदा कुत्रा न्यायचा तो म्हातारा, शांत, ज्याला कुणाला काही सिद्ध करायचं नाही असा, आणि तोही मोठ्या कळपाबरोबर. सगळ्या निघाल्या की तीही रेट्यात निघतात. तरी एखादं फाटकाशी उभं राहतंच. त्याला बादली खडखडवून न्यावं. जे हाकून जात नाही ते मागे मागे येतं, आणि बायबलमधला मेंढपाळही कळपाच्या पुढेच चालतो.

डोंगरात मात्र एक गोष्ट कळपात सोडूनही सहज भरून निघत नाही. लेक डिस्ट्रिक्टमधल्या हर्डविक मेंढ्या कुंपण नसलेल्या डोंगरावर आपापल्या पट्ट्यात राहतात. तो पट्टा कोकरू आईच्या मागे चरता चरता शिकतं, पिढ्यान्‌पिढ्या. २००१ च्या लाळ्या-खुरकूत साथीत ब्रिटनमध्ये ६० लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली, तेव्हा तिथल्या मेंढपाळांची मोठी चिंता हीच होती, की मेंढ्या विकत आणता येतील, डोंगराची ही माहिती कुठून आणायची? बाटलीवरचं कोकरू या बाबतीत कोरंच असतं. म्हणून मेंढपाळाची पहिली धडपड असते ती बाटली टाळण्याची. एखाद्या मेंढीचं कोकरू दगावलं की त्याचं कातडं सोलून पोरक्या कोकराच्या अंगावर अंगरख्यासारखं चढवतात. मेंढी आपलं पिल्लू वासावर ओळखते. एक-दोन दिवसांत ती दत्तक कोकराला पाजू लागते, मग कातडं काढून टाकायचं. बघायला किळसवाणं वाटतं, पण कोकराला आई मिळते, कळप मिळतो आणि कुत्र्याची भीडही.

‘माणसाळलेला नर जास्त गरीब निघतो’

हा गैरसमज सर्वांत धोक्याचा. मादी मोठी होऊन माणसाळलेली राहिली तर उपयोगीच पडते: ती बादलीमागे वाडग्यात शिरते आणि तिच्या मागून बुजऱ्या मेंढ्या. नराचं उलट. त्याला माणसाची भीड नसते आणि वयात आल्यावर तो माणसालाही दुसरा एडका समजून टक्कर द्यायला येतो, तीही पाठीमागून. लहानपणी मुलं कपाळाला हात लावून ढकलाढकली खेळलेली असली तर विचारायलाच नको. कुत्र्यालाही तो मागे हटत नाही. त्यामुळे बाटलीवर वाढलेला नर पैदाशीसाठी न ठेवता लहानपणीच खच्ची करतात, आणि घरातल्या पोरांना पहिल्या दिवसापासून सांगून ठेवतात की याच्या कपाळाला हात लावायचा नाही.