कोपऱ्यावरचे सार्वजनिक घर

पब म्हटले की मुंबई-पुण्यातील वाचकांच्या डोळ्यांसमोर येतो तो मंद प्रकाश, कानठळ्या बसवणारे संगीत आणि दारावरचे धिप्पाड ‘बाउन्सर’. इंग्लंडमधील पारंपरिक पबशी या चित्राचे नावापलीकडे फारसे नाते नाही. ‘पब’ हे ‘पब्लिक हाउस’चे लघुरूप. सार्वजनिक घर हा त्याचा सरळ अर्थ आणि त्यातील ‘घर’ हा शब्द अलंकारिक नाही. मध्ययुगात गावातील एखादी बाई घरीच बिअर आंबवीत असे आणि ती तयार झाली की दाराबाहेर काठीला झाडाची फांदी बांधून शेजाऱ्यांना वर्दी देत असे. १८३० च्या कायद्याने तर दोन गिनी शुल्क भरून कोणाही करदात्याला राहत्या घरात बिअर विकण्याची मुभा दिली. आजही अनेक पबचालकांचे बिऱ्हाड वरच्या मजल्यावर असते. खाली गिऱ्हाईक बसते ते एका अर्थाने त्यांच्या दिवाणखान्यात.

दारावरच्या चित्रमय पाट्या हीदेखील जुनीच परंपरा. दुसऱ्या रिचर्डच्या कारकिर्दीत, १३९३ मध्ये, बिअर विकणाऱ्याने बाहेर खूण लावणे सक्तीचे झाले. वाचता न येणाऱ्यांच्या त्या काळात अक्षरांपेक्षा चित्र उपयोगाचे होते. ‘व्हाइट हार्ट’मधले पांढरे हरीण हे याच राजाचे मानचिन्ह. १६५१ मध्ये वूस्टरच्या लढाईत पराभूत झालेला दुसरा चार्ल्स ओकच्या झाडात लपून बचावला, म्हणून गावोगावी ‘रॉयल ओक’ झाले. पाट्या वाचत गेले तरी इंग्लंडचा अर्धा इतिहास हाती लागतो.

आत शिरल्यावर प्रथम जाणवतो तो आटोपशीरपणा. जुन्या पबात छताच्या तुळया डोक्याशी आलेल्या, लाकूड धुराने आणि वयाने काळवंडलेले, भिंतीत पेटलेली शेकोटी आणि तिच्यापुढे पसरलेला कुणाचा तरी कुत्रा. व्हिक्टोरियन काळात एकाच पबात अनेक खोल्या असत. कामगारांसाठी उघड्या फरशीचा ‘पब्लिक बार’, जरा बऱ्या कपड्यांतल्या मंडळींसाठी गालिचा घातलेला ‘सलून बार’ आणि कोणाच्या नजरेस पडू नये असे वाटणाऱ्यांसाठी धूसर काचांआडची चिमुकली ‘स्नग’. बिअर बहुधा तीच, पण गालिच्यावर बसायचे तर दर थोडा चढा.

तथापि, पबची ऊब सजावटीतून येत नाही. ती तेथील अलिखित नियमांतून येते. पारंपरिक पबात टेबलापाशी येऊन कोणी ‘काय हवे’ विचारत नाही. प्रत्येकाला उठून काउंटरपर्यंत जावेच लागते. तेथे रांग नसते, तरीही आधी कोण आले हे सर्वांना ठाऊक असते आणि कोणी घुसला तर नजरा बोलू लागतात. काउंटरपाशी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाशी हवापाण्यावर दोन शब्द बोलले, तर ते आगाऊपणाचे ठरत नाही. एरवी शेजाऱ्याशीही जपून बोलणाऱ्या इंग्रज समाजात ही सवलत मोठी आहे. दुसरा नियम ‘राउंड’चा. चौघे आले तर प्रत्येकाने पाळीपाळीने चौघांसाठी पेये आणायची. हिशेब कोणी मांडत नाही. पण पाळी चुकवणाऱ्याचे नाव कोणी विसरतही नाही. सौजन्याची ही देवघेव त्या मंडळींना पुढच्या भेटीला बांधून ठेवते.

यजमानाची कसोटी तळघरात लागते. पारंपरिक ‘कास्क’ बिअर कारखान्यातून निघते तेव्हा पूर्ण झालेली नसते. आंबण्याची शेवटची क्रिया पिंपातच होते. तिला बाहेरून वायूचा दाब दिला जात नाही. हाताने पंप ओढून ती वर आणावी लागते. तळघराचे तापमान १२ अंशांच्या आसपास राखायचे, गाळ बसू द्यायचा आणि पिंप उघडले की काही दिवसांत संपवायचे. गिऱ्हाईक कमी झाले तर बिअर बिघडते आणि बिअर बिघडली की गिऱ्हाईक आणखी कमी होते. १९७० च्या दशकात मोठ्या कंपन्यांनी टिकाऊ, वायूमिश्रित बिअरचा मारा केला, तेव्हा ही पद्धत वाचवण्यासाठी १९७१ मध्ये ‘कॅम्रा’ ही ग्राहक चळवळ उभी राहिली.

पबचे हे सामाजिक स्थान अभ्यासकांच्याही नजरेतून सुटले नाही. ‘मास ऑब्झर्व्हेशन’ या संस्थेच्या निरीक्षकांनी बोल्टन या गिरणी-शहरातील पबमध्ये बसून केलेल्या नोंदी १९४३ मध्ये पुस्तकरूपाने आल्या. घर आणि कामाची जागा सोडली, तर सर्वाधिक माणसे सर्वाधिक वेळ पबमध्येच घालवतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. बिहारमधील मोतिहारीत जन्मलेल्या जॉर्ज ऑर्वेलने १९४६ मध्ये ‘इव्हिनिंग स्टँडर्ड’मध्ये आपल्या आवडत्या पबचे वर्णन केले. तेथे रेडिओ नाही, पियानो नाही, वाढणाऱ्या बायका गिऱ्हाइकांना नावानिशी ओळखतात. लेखाच्या शेवटी त्याने असा पब अस्तित्वातच नसल्याची कबुली दिली.

अर्थात, हे घर सर्वांसाठी कधीच सारखे सार्वजनिक नव्हते. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेथविकसारख्या गावांत ओतकामाच्या कारखान्यांत राबणाऱ्या पंजाबी कामगारांना १९६० च्या दशकात काही पबमधील खोल्यांत प्रवेश नव्हता. १९६५ च्या वंशसंबंध कायद्याने असा भेद बेकायदा ठरवला. पुढे तेथील डबघाईला आलेले पब भारतीय वंशाच्या चालकांनी घेतले आणि बिअरसोबत तंदुरी देणारे ‘देसी पब’ उभे राहिले. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील एका प्रसिद्ध मद्यगृहात स्त्रियांना काउंटरपाशी उभे राहून पेय मागण्यास मनाई होती. ती अपील न्यायालयाने मोडीत काढली १९८२ मध्ये. ज्यांना उंबऱ्यावर अडवले, त्यांनीच पुढे यातील काही घरे जगवली.

कारण प्रश्न आता जगण्याचाच आहे. २००० मध्ये ब्रिटनमध्ये सुमारे ६० हजार पब होते. आज ते ४५ हजारांच्या आसपास उरले आहेत. सुपरमार्केटमधील स्वस्त बिअर, करांचा बोजा, इंग्लंडमध्ये जुलै २००७ पासून लागू झालेली धूम्रपानबंदी, मार्च २०२० ची टाळेबंदी आणि नंतर भडकलेले वीज-वायूचे दर, अशी कारणे सांगितली जातात. त्याहून मोठे कारण पबच्या पायाखाली आहे. मोक्याच्या कोपऱ्यावरची जमीन बिअर विकण्यापेक्षा सदनिका बांधून अधिक पैसे देते. मुंबईतील इराणी हॉटेले एकामागून एक मिटताना पाहिलेल्यांना हे गणित समजावून सांगायला नको.

लंडनच्या किलबर्न भागातील ‘कार्लटन टॅव्हर्न’ची कहाणी या संदर्भात बोलकी आहे. वारसा वास्तूंच्या यादीत त्याचा समावेश करण्याचा विचार सुरू असतानाच एप्रिल २०१५ मध्ये मालक कंपनीने तो विनापरवाना पाडला. रहिवासी गप्प बसले नाहीत. वास्तूची तपशीलवार नोंद आधीच झालेली होती. त्या आधारे वेस्टमिन्स्टर पालिकेने तो होता तसाच पुन्हा बांधण्याचा आदेश दिला. अपिलातही आदेश कायम राहिला आणि एप्रिल २०२१ मध्ये पबचे दार पुन्हा उघडले.

काही ठिकाणी गिऱ्हाइकेच मालक झाली. कंब्रियातील हेस्केट न्यूमार्केट या खेड्यात २००३ मध्ये गावकऱ्यांनी सहकारी तत्त्वावर ‘ओल्ड क्राउन’ विकत घेतला. २०११ च्या कायद्याने अशा वास्तूंना ‘समाजाच्या मूल्यवान ठेव्या’चा दर्जा मिळू लागला. तो मिळाला की विक्रीपूर्वी स्थानिकांना पैसे जमवण्यासाठी सहा महिन्यांचा अवधी मागता येतो. लंडनच्या नन्हेडमधील ‘आयव्ही हाउस’ २०१३ मध्ये याच मार्गाने रहिवाशांच्या हाती आला. २०१७ पासून इंग्लंडमध्ये परवानगीशिवाय पबचे दुकान करता येत नाही की तो पाडताही येत नाही.

कायदा भिंती राखू शकतो, वीट न् वीट परत रचायलाही लावू शकतो. मंगळवारच्या पावसाळी संध्याकाळी त्या भिंतींच्या आत येऊन बसणे मात्र शेजाऱ्यांनाच करावे लागते. तळघरातले पिंप त्यांच्यासाठी फार दिवस थांबत नाही.