इंटरनेटच्या अस्थिर वाटा

४ ऑक्टोबर २०२१ रोजी रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम या तिन्ही सेवा एकाएकी बंद पडल्या, आणि सुमारे सहा तास त्या बंदच राहिल्या. कोणाला आपला फोन बिघडला असे वाटले, कोणी फोन कंपनीला बोल लावला. वास्तविक त्या सेवांची यंत्रे जळाली नव्हती, की समुद्रातील केबलही तुटली नव्हती. देखभालीच्या कामात दिल्या गेलेल्या एका आज्ञेमुळे त्या कंपनीच्या केंद्रांना जोडणारे अंतर्गत जाळे खाली बसले. केंद्रांशी संबंध तुटल्यास पत्ता सांगणाऱ्या यंत्रांनी आपली वाट जगाकडून मागे घ्यावी, अशी मूळची योजना होती. त्याप्रमाणे त्यांनी ती घेतली. घर जागच्या जागी उभे होते. तेथे जाण्याची वाट तेवढी कोणालाच ठाऊक उरली नाही.

त्या घटकेला जगाच्या निरनिराळ्या भागांत, वाटांच्या सूचना टिपून ठेवणाऱ्या यंत्रांच्या वह्यांत ही सारी हालचाल सेकंदासेकंदाने उतरत होती. या वह्या का ठेवाव्या लागल्या आणि त्या वाचताना जाणत्यांचीही फसगत कशी झाली, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

इंटरनेट हे एक जाळे नव्हे. फोन कंपन्या, विद्यापीठे, बँका, सरकारी खाती यांची ७०,००० हून अधिक स्वायत्त जाळी एकमेकांना जोडून ते बनले आहे. या सर्वांवर हुकमत चालवणारे मध्यवर्ती कार्यालय कोठेही नाही. प्रत्येक जाळे आपल्या शेजाऱ्याला एवढेच सांगते की, अमुक पत्त्यांचा गट माझ्यामार्फत गाठता येईल आणि मध्ये अमुक अमुक जाळी लागतील. शेजारी ते ऐकतो, आपल्या सोयीची वाट निवडतो आणि आपले नाव त्या साखळीत जोडून पुढच्यास सांगतो. या सांगोवांगीला शिस्त लावणारी नियमावली बीजीपी या नावाने ओळखली जाते. १९८९ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन शहरी भरलेल्या एका बैठकीच्या वेळी कर्क लॉकीड आणि याकोव्ह रेख्टर या दोघांनी तिचा आराखडा जेवणाच्या टेबलावरील कागदी रुमालांवर मांडला होता. तिची सुधारलेली आवृत्ती आजही जगाचा व्यवहार चालवीत आहे.

या नियमावलीत बातम्या दोनच प्रकारच्या : वाट आहे, किंवा वाट गेली. वाट बदलली तर नवी वाट जाहीर होते आणि तिने जुनी आपोआप रद्द होते. बातमी हाती येताच राउटर, म्हणजे वाट निवडणारे यंत्र, आपला तक्ता नव्याने तपासते आणि स्वतःची निवड बदलली असल्यास सर्व शेजाऱ्यांना कळवते. साहजिकच एखाद्या गावातील सैल जोडणी मिनिटाला एकदा तुटून पुन्हा जुळू लागली, तर तिची वार्ता हजारो मैलांवरील यंत्रांनाही तितक्याच वेळा हिशेब करावयास लावते. वाटेच्या अशा वारंवार येण्याजाण्याला या क्षेत्रातील लोक वाटेची फडफड म्हणतात.

ही फडफड पद्धतशीरपणे मोजण्याचे मोठे काम मिशिगन विद्यापीठाच्या क्रेग लॅबोविट्झ, रॉबर्ट मॅलन आणि फर्नाम जहानियन यांनी केले. अमेरिकेत जेथे अनेक जाळी एकत्र येतात, अशा पाच ठिकाणी त्यांनी नऊ महिने नोंदी घेतल्या आणि १९९७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या काळी जगाच्या तक्त्यात पत्त्यांचे गट होते जेमतेम ४२,०००. परंतु रोजच्या सूचना ३० लाख ते ६० लाख! म्हणजे प्रत्येक गटामागे दिवसाला सरासरी १२५ वेळा काहीतरी बदलले, असा त्याचा अर्थ झाला. इतक्या वेळा तारा तुटत असत्या तर त्या जाळ्यातून एक पत्रही धड पोचले ना.

मग उलगडा कसा झाला? त्यांनी सूचनांची नुसती बेरीज न करता त्यांचे वर्ग पाडले. खरोखर नवी वाट सांगणाऱ्या सूचना वेगळ्या काढल्या, तीच वाट पुन्हा सांगणाऱ्या वेगळ्या आणि आधीच गेलेली वाट गेली म्हणून पुन्हा कळवणाऱ्या वेगळ्या. तेव्हा असे दिसून आले की, शंभरातील सुमारे ९९ सूचनांत नवी माहिती काहीच नव्हती. एका जाळ्याने तर एका दिवसात २५९ वाटा जाहीर केल्या आणि २४ लाखांहून अधिक वेळा वाटा मागे घेतल्या; त्याही अवघ्या १४,११२ निरनिराळ्या गटांच्या. जे कधी दिलेच नाही, ते परत घेण्याचाच हा प्रकार! एका उत्पादकाच्या राउटरमध्ये कोणत्या शेजाऱ्याला काय सांगितले याची आठवणच ठेवली जात नव्हती. त्यामुळे वाट गेली की ते सरसकट सर्वांना कळवीत सुटे. ही गोष्ट दाखवून दिल्यावर आज्ञावली दुरुस्त झाली आणि सूचनांचा ओघ सुमारे दहापटीने घटला. मोजमापाचे इतके रोकडे फळ क्वचितच पाहावयास मिळते.

तरीही उरलेला ओघ थोडा नव्हता, आणि त्याचे कारण बीजीपीच्या स्वभावातच होते. समजा, एका खेड्याला जाणारा एकमेव पूल वाहून गेला. पुलालगतच्या गावाने वाट बंद झाल्याचे कळवले. पण पलीकडच्या चार गावांना एकमेकांकडून ऐकलेल्या लांबच्या वाटा ठाऊक असतात, आणि त्या सर्व वाटा शेवटी त्याच पुलावरून जातात हे त्यांच्या लक्षात येत नाही. पहिले गाव म्हणते, दुसऱ्याकडून जा. दुसरे म्हणते, तिसऱ्याकडून जा. प्रत्येक नव्या वाटेची दवंडी पिटली जाते आणि ती खोटी ठरल्यावर पुढची. सर्व वाटा संपल्या म्हणजे मग पूल गेल्याबद्दल एकवाक्यता होते. २००० मध्ये लॅबोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन वर्षांच्या प्रयोगांचा अहवाल दिला. त्यांनी मुद्दाम काही लाख बिघाड घडवून आणले होते. त्यावरून ही एकवाक्यता होण्यास कित्येक मिनिटे लागू शकतात, असे आढळले. घटना एकच, बातम्या मात्र डझनावारी. जेथे जोडण्या अधिक तेथे पर्यायी वाटा अधिक, आणि म्हणून खोट्या दवंड्याही अधिक.

ही गोष्ट उमगण्यापूर्वीच फडफडीवर एक उपाय योजला गेला होता. १९९८ मध्ये प्रमाणित झालेला हा उपाय म्हणजे दंडाच्या गुणांची पद्धत. सिस्को कंपनीच्या यंत्रांत तिचे आकडे असे होते : वाट एकदा गेली की १,००० गुण दंड, वाटेचा तपशील बदलला तर ५००. दंड २,००० च्या वर गेला की त्या वाटेवर बहिष्कार. दर पंधरा मिनिटांनी दंड निम्मा होत जातो आणि तो ७५० च्या खाली आला की वाट पुन्हा स्वीकारली जाते. बहिष्काराची कमाल मर्यादा एक तास. ३,००० गुण जमले तर ते ७५० वर येण्यास अर्धा तास लागतो, हे तोंडी हिशेबानेही कळेल. शाळेतील शिस्तीच्या वहीसारखी ही योजना वरवर पाहता मोठी न्याय्य वाटते.

२००२ मध्ये झुओकिंग मोर्ले माओ, रमेश गोविंदन, जॉर्ज व्हर्गीस आणि रँडी कॅट्झ यांनी तिचे मर्म उघडे केले. एखादी संस्था एकदाच, क्षणभर खाली बसली आणि लगेच उठली. तिच्या एका जाण्यातून दूरवर ज्या खोट्या दवंड्या उठतात, त्या प्रत्येक दवंडीचा दंड मात्र तिच्याच खात्यावर पडतो. परिणामी, एकदाच अडखळलेली वाट एक तासापर्यंत बहिष्कृत राहू शकते. त्यातही अधिक भोगावे लागले ते अधिक जोडण्या असलेल्यांना. एका कंपनीवर विसंबून राहू नये म्हणून ज्या रुग्णालयाने वा बँकेने पदरचे पैसे खर्चून दोन-तीन कंपन्यांच्या जोडण्या घेतल्या, तेच या हिशेबात अधिक बडबडे ठरावयाचे! दक्षतेलाच दंड व्हावा, असा हा न्याय होता. २००६ मध्ये युरोपातील जाळेचालकांच्या राइप या मंडळाने ही पद्धत वापरू नये असा स्पष्ट सल्ला दिला, आणि बहुतेकांनी ती बंदही केली.

शिवाय गलबला म्हटला की तो दाबलाच पाहिजे, असेही नाही. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातील दोन केबल तुटल्या. त्या दोन्ही मुंबईला येणाऱ्या होत्या. भारताची पश्चिमेकडील वाहतूक खोळंबली आणि जाळी नव्या वाटा शोधू लागली. असा गलबला ही खरी बातमी असते, आणि ती दाबून टाकणे म्हणजे अपघाताच्या वेळी तारऑफिस बंद ठेवण्यासारखे होय.

तेव्हा पुन्हा वह्यांकडे वळणे भाग पडले. अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठाची राउटव्ह्यूज ही योजना आणि ॲमस्टरडॅमच्या राइप केंद्राची नोंदव्यवस्था यांची संग्राहक यंत्रे अनेक जाळ्यांशी शेजार जोडून बसतात. वाटांची ने-आण न करता ती केवळ ऐकतात आणि वेळेसह लिहून ठेवतात. राइपने तर काही पत्त्यांचे गट निव्वळ चाचणीसाठी राखले. भारतीय घड्याळाप्रमाणे पहाटे साडेपाचला ते जाहीर होतात, साडेसातला मागे घेतले जातात आणि पुढेही दिवसभर दर दोन तासांनी हाच क्रम चालू राहतो. मूळ घटना केव्हा आणि किती वेळा घडली हे पक्के ठाऊक असल्याने, तिच्या किती बातम्या झाल्या हे निश्चित सांगता येते. दीपगृहाच्या ठरावीक उघडझापीसारखा हा प्रकार असल्याने त्याला नावही दीपाचेच पडले.

अशा नोंदी वाचताना काही पथ्ये पाळावी लागतात. संग्राहक आणि त्याचा शेजारी यांच्यातील जोडणीच तुटून जुळली, तर सबंध तक्ता नव्याने पाठवला जातो आणि वहीत लाखो सूचनांचा पूर येतो. बाहेर जगात मात्र काहीच घडलेले नसते. अशा नोंदी आधी गाळून टाकाव्या लागतात. सरासरीचाही भरवसा नाही. २०११ मध्ये क्रिस्टेल पेल्सेर, रँडी बुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, अवघे ३ टक्के पत्तागट ३६ टक्के सूचनांना कारण होतात. बाकीचे बहुसंख्य गट आपले निमूटपणे पडून असतात. या मोजमापावरून त्यांनी सुचवले की, दंडाची पद्धत मोडीत न काढता बहिष्काराची मर्यादा २,००० वरून निदान ६,००० वर न्यावी. तेवढ्याने एकदा अडखळणारे सुटतात आणि तासन्‌तास फडफडणारेच सापडतात. २०१४ मध्ये हा सल्ला प्रमाणग्रंथात दाखल झाला. सारा बदल काय, तर एका आकड्याचा! पण तो आकडा शोधण्यास सोळा वर्षे लागली.

एशिया-पॅसिफिक विभागाच्या पत्तानोंदणी केंद्रातील जेफ ह्यूस्टन यांनी वर्षानुवर्षे या सूचनांची गणती चालवली आहे. तक्ता आज नऊ लाखांच्या पलीकडे गेला. परंतु सूचना आणि एकवाक्यतेस लागणारा वेळ त्या मानाने वाढला नाही, ही त्यांच्या नोंदींतील सर्वांत आश्वासक गोष्ट. जाळी वाढली ती मुख्यतः दाटीने वाढली, लांबीने नव्हे. दोन टोकांमधील जाळ्यांची संख्या फारशी बदलली नाही, असे ते त्याचे कारण देतात.

अशा गणतीतून सर्वाधिक फडफडणाऱ्या वाटांच्या याद्याही तयार होतात आणि त्यात त्या वाटांच्या मूळ धन्याचे नाव येते. मात्र बिघाड धन्याच्या घरचा असेलच असे नाही. मध्ये लागणाऱ्या एखाद्या मोठ्या जाळ्याची सैल जोडणीही त्याच्या नावावर मांडली जाते. म्हणून यादीत आपले नाव पाहणारा अनुभवी जाळेचालक प्रथम निरनिराळ्या शहरांतील संग्राहकांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहतो. फडफड सर्वत्र एकाच वेळी दिसत असेल, तर तो आपल्या दारापासून तपासास लागतो. ती एकाच बाजूने येणाऱ्या वाटांवर दिसत असेल, तर त्या बाजूच्या कंपनीला वेळेच्या नोंदींसह पत्र लिहितो.