माळढोक आणि आपला माळ

आपल्या जिल्ह्याचा विषय निघाला म्हणजे भंडारदरा, शिर्डी, नेवाशाचा पैस खांब ही नावे ओघानेच येतात. कर्जत-श्रीगोंद्याच्या माळाचे नाव सहसा कोणी घेत नाही. पाऊस कमी, जमीन मुरमाड, झाड म्हणावे तर बोर, बाभूळ आणि तरवड. अशा जागेचे कौतुक ते काय करायचे? मी स्वतः त्याच बाजूचा. माळ म्हणजे मेंढरे चारण्याची जागा, एवढेच आमच्याकडे समजतात. परंतु मित्रहो, याच माळावर एके काळी असा पक्षी नांदत होता, की ज्याची गणना जगातील सर्वांत वजनदार उडणाऱ्या पक्ष्यांत होते. तो पक्षी म्हणजे माळढोक.

ढोक हे नाव आपल्याकडे करकोच्यासारख्या लांब मानेच्या, उंच पायांच्या पक्ष्यांना आहे. पाणथळ जागी राहणारे ते ढोक आणि माळावर राहणारा हा माळढोक, असा या नावाचा सरळ अर्थ लागतो. त्याच्या आवाजावरून त्याला ‘हूम’ असेही म्हणतात. राजस्थानात तो गोडावण होतो. नर सुमारे एक मीटर उंच आणि वजनाने पंधरा किलोपर्यंत भरतो. मादी त्याच्या निम्म्याहून थोडी कमीच. डोक्यावर काळी टोपी, मान पांढुरकी, पाठ तपकिरी आणि नराच्या छातीवर काळा पट्टा. टोळ, भुंगेरे, सरडे, बोरे, ज्वारी, भुईमूग असे जे मिळेल ते तो खातो. टोळ वेचणारा पक्षी शेतकऱ्याचा शत्रू कसा म्हणता येईल?

युरोपच्या थंड प्रदेशात काळा ग्राऊस नावाचा एक पक्षी आहे. विणीच्या दिवसांत त्याचे नर पहाटे एका ठरावीक मोकळ्या जागी जमतात, शेपट्या पसरून नाचतात आणि माद्या त्यांतून आपला जोडीदार निवडतात. आपला माळढोकही याच रिवाजाचा, फक्त त्याचे स्वयंवर जरा ऐसपैस. नर एकमेकांपासून बऱ्याच अंतरावर आपापली उंचवट्याची जागा धरतात. पावसाळ्यात गवत हिरवे झाले, की नर गळ्याची पिशवी हवेने फुगवतो. ती पायांपर्यंत लोंबू लागते. शेपटी पाठीवर उलटी उभारून तो खोल, घुमणारा आवाज काढतो. तो शांत माळावर अर्धा किलोमीटरपर्यंत ऐकू जातो. मादीला तो दुरूनही दिसावा म्हणून जागा उघडी हवी. झाडे दाट झाली, तर हे स्वयंवरच मोडते.

आता एक महत्त्वाचा फरक. ग्राऊसची मादी एका वेळी सहा ते दहा अंडी घालते. एक वर्ष वाईट गेले, तरी पुढच्या वर्षी भरपाईची आशा असते. माळढोकाची मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. सुमारे चार आठवडे ती एकटीच ते उबवते आणि पुढे पिल्लालाही एकटीच वाढवते. गुरांचा पाय, कुत्रा, कावळा यांपैकी कोणीही तो वर्षाचा हिशेब क्षणात पुसून टाकू शकतो. शिकारीने माळढोक कमी झाले हे खरेच. पण शिकार थांबली तरी त्यांची संख्या भराभर का वाढली नाही, याचे एक मोठे कारण या एका अंड्यात आहे.

सोलापूरजवळच्या नान्नज येथील माळढोकांकडे १९७२ च्या सुमारास बी. एस. कुलकर्णी यांनी लक्ष वेधले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि माळढोकाला त्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. पुढे अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून नान्नजला गवताळ क्षेत्रे राखली गेली आणि १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर! सोलापूर जिल्ह्यातील चार तालुक्यांबरोबर आपल्या जिल्ह्यातील कर्जत, श्रीगोंदा व नेवासे यांचा भाग त्यात आला. १९८० साली कर्जत तालुक्यातच काळविटांसाठी रेहेकुरी अभयारण्य झाले. ते जेमतेम दोन-सव्वादोन चौरस किलोमीटरचे. काळवीट तेवढ्या जागेत टिकले, वाढलेही. माळढोकाला मात्र मोठ्या मुलखात फिरावे लागते.

एवढे प्रचंड अभयारण्य कागदावर आले, पण त्यात गावे होती, रस्ते होते, खासगी शेते होती. जमिनीच्या व्यवहारावर आणि बांधकामावर बंधने आली. त्यांचा राग माणसांनी पक्ष्यावर काढला. ‘माळढोक नसता तर बरे झाले असते’ असे उद्गार आमच्या भागात मी मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकले आहेत. ज्या पक्ष्याला वाचवायचे, त्यालाच शेजाऱ्यांच्या नजरेत गुन्हेगार ठरवणारे संरक्षण टिकणार कसे? अखेर अभयारण्याची हद्द कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आली. तोपर्यंत बराच उशीर झाला होता. नान्नजला अलीकडच्या वर्षांत एखाददुसरा पक्षी दिसला तरी बातमी होते.

दरम्यान माळही पालटला. कुकडीचे पाणी आले आणि ज्वारी-करडईच्या जागी ऊस उभा राहिला. आमच्या घरच्या माळाच्या तुकड्यावरही आज ऊस आहे आणि पहिल्या तोडणीचे पैसे हाती आले, तेव्हा घरात सण झाला होता. दुष्काळ पाहिलेल्या माणसाला पाणी नको म्हणा, असे सांगण्याचा अधिकार मला नाही. पण उरलेल्या माळाचे आपण काय करतो, हा प्रश्न उरतोच. सरकारी कागदात तो ‘पडीक’. मग तेथे सुबाभूळ, गिरिपुष्प लावून आपण वनमहोत्सव साजरा करतो. वास्तविक कुसळी आणि पवन्याचे गवत हेच त्या जमिनीचे वन होय. त्यावर मेंढपाळ जगतो. लांडगा, खोकड, धाविक, चंडोल जगतात.

तिसरे संकट तारांचे. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्याने त्याला समोरचे नीट दिसत नाही आणि जड अंगामुळे ऐन वेळी वळता येत नाही. विजेच्या तारांवर आपटून तो मरतो. स्कॉटलंडमध्ये हरणांसाठी घातलेल्या कुंपणांवर ग्राऊस असेच आपटतात. तेथे कुंपणांवर ठळक खुणा लावण्याचा उपाय केला जातो. आपल्याकडे एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान व गुजरातेतील माळढोक-क्षेत्रांत तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. सौर व पवन ऊर्जेची गरज लक्षात घेऊन मार्च २०२४ मध्ये तो सौम्य केला आणि तज्ज्ञांची समिती नेमली. दोन्ही बाजू चांगल्याच असल्या म्हणजे न्याय किती अवघड होतो, याचे हे उदाहरण.

२०११ पासून हा पक्षी जगाच्या यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. रानात उरलेले पक्षी दीडशेच्या आसपास मानले जातात, बहुतेक राजस्थानात. तेथे जैसलमेरजवळ २०१९ पासून अंडी उबवून पिल्ले वाढवण्याचे काम सुरू झाले आणि २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले. ही पिल्ले उद्या सोडायची झाली, तर त्यांना माळ लागेल. पिंजऱ्यात पक्षी वाढवता येतो, माळ वाढवता येत नाही.

तेव्हा आपण काय करावे? गायरान दिसले की झाडे लावण्याचा उत्साह आवरून आधी तेथील गवत ओळखावे. पाळीपाळीने चराई आणि पाळीपाळीने राखण ही धनगरांची जुनी समज समितीच्या टेबलावर मांडावी. ज्वारी-करडई पिकवणाऱ्याला त्याचा मोबदला मिळावा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या पुढील शिबिरात वृक्षारोपणाऐवजी एक दिवस कर्जतच्या माळावर गवतांची नोंद करण्यासाठी द्यावा, अशी सूचना मी प्राध्यापकांपुढे ठेवीत आहे. माळढोक आपल्या जिल्ह्यात परत येईल की नाही, हे आपल्या हाती नाही. त्याच्यासाठी जागा उरेल की नाही, हे मात्र बरेचसे आपल्याच हाती आहे.