विंडोज १० चा सपोर्ट संपला. घरातला जुना लॅपटॉप भंगारात द्यायचा का?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. तेव्हापासून शाळेत, बाजारात, कुणाच्या लग्नात पालक भेटले की विचारतात, "सर, स्क्रीनवर मेसेज येतोय. नवीन लॅपटॉप घ्यावाच लागेल का?" आपल्या आष्टी तालुक्यात पै-पै साठवून, नगरहून सेकंडहँड लॅपटॉप आणणारी घरं कमी नाहीत. त्यांच्यासाठी हा सवाल लहान नाही. त्यात दहावी-बारावीतली मुलगी असेल, तर रोज सायबर कॅफेत जाण्यापेक्षा घरातला चालू कॉम्प्युटर तिच्या फार कामाचा असतो.

आधी घाबरू नका

विंडोज १० असलेला कॉम्प्युटर बंद पडत नाही. बंद झालेत ते सुरक्षेचे अपडेट. म्हणजे उद्या त्यात चोरवाट सापडली, तर ती बुजवायला कुणी येणार नाही. ज्या लॅपटॉपवर बँकेचं काम होतं, आधार आणि जातीच्या दाखल्याच्या कॉप्या ठेवलेल्या असतात, तिथं हा धोका खरा आहे.

घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेटची सोय ठेवली आहे. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडा, तिथं नाव नोंदवायचा पर्याय दिसतो. मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. पण ही फक्त मुदतवाढ आहे, कायमचा इलाज नाही.

तुमच्या मशीनवर विंडोज ११ चालेल का?

विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते. प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. सेटिंग्जमध्ये 'अबाउट' उघडून प्रोसेसरचं नाव वाचा. 'आय५-७२००' असं असेल तर डॅशनंतरचा ७ म्हणजे सातवी पिढी, चालणार नाही. 'आय५-८२५०' असेल तर आठवी, चालेल. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत ॲपही हेच तपासून सांगतं.

४ जीबी हा कागदावरचा आकडा आहे. रोजच्या वापराला ८ जीबी असू द्या, नाहीतर ब्राउझरमध्ये चार पानं उघडली की मशीन रडायला लागतं.

काही दुकानदार जुन्या मशीनवर "जुगाड करून" विंडोज ११ टाकून देतात. अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच, याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. आणि क्रॅक केलेली विंडोज तर टाळाच. कुलूप तोडणाऱ्याने घराची दुसरी चावी स्वतःकडे ठेवली नाही, हे कसं कळणार?

काम कोणतं, त्यावरून ठरवा

माझं मत सरळ आहे: नाव किंवा दिखावा बघू नका. घरात कोण काय काम करतं, त्याची एका कागदावर यादी करा.

एमएस-सीआयटी किंवा सरकारी कॉम्प्युटर टायपिंगची तयारी चालू असेल, तर विंडोजच ठेवा. वर्ग त्यावर होतात, सरावही त्यावरच व्हावा. उर्दूचं काम इनपेजमध्ये करत असाल, पत्रिका, पोस्टर, मदरशाचे पेपर, तर तिथंही विंडोज हवी; इनपेज मुळात विंडोजसाठीच बनलेलं आहे. सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी बोटाचे ठसे घेणाऱ्या मशीनचा ड्रायव्हर कोणत्या सिस्टिमवर चालतो, हे आधी विचारावं.

पण यादीत फक्त शिष्यवृत्तीचे ऑनलाइन फॉर्म, यूट्यूबवरचे धडे, मेल, पीडीएफ, निबंध टाइप करणं, फिल्म आणि तिलावत ऐकणं-बघणं एवढंच असेल, तर लिनक्सवर हे सगळं होतं.

लिनक्स म्हणजे काय?

फिनलंडच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सची सुरुवात केली. आपल्या हातातला अँड्रॉइड मोबाइलही आतून लिनक्सवरच चालतो. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं कित्येक वर्षांपासून लिनक्सवर कॉम्प्युटर शिकतात. आपल्या देशात सी-डॅकने 'बॉस' नावाची लिनक्स सिस्टिम बनवली आहे.

विंडोजची सवय असलेल्यांना 'लिनक्स मिंट' सोपी जाते. खाली तसाच पट्टा, तसाच मेनू. २ जीबी रॅमवर ती सुरू होते, ४ जीबीवर बरी चालते. ती मोफत आहे, आणि तीही हक्काने.

गाणी-व्हिडिओसाठी व्हीएलसी, आवाज कापण्या-जोडण्यासाठी ऑडॅसिटी, फोटोसाठी गिंप, व्हिडिओ एडिटिंगसाठी केडेनलाइव्ह ही सगळी मोफत मिळतात. मात्र लग्नाचे व्हिडिओ आणि अल्बम करणाऱ्यांनी लक्षात घ्यावं: फोटोशॉप आणि प्रीमिअर लिनक्सवर सरळ चालत नाहीत. लिब्रेऑफिसमध्ये वर्डची फाइल उघडते, पण तक्ते कधीकधी सरकतात. मराठी आणि उर्दू युनिकोडमध्ये छान टाइप होतं. उर्दूला नस्तालीक हवी असेल तर 'नोटो नस्तालीक उर्दू' हा मोफत फाँट घ्या.

ॲपलचं काय?

फोटो-व्हिडिओच्या कामाला मॅक उत्तम, यात वाद नाही. पण मॅकओएस फक्त ॲपलच्याच मशीनसाठी असते. आणि स्वस्तात मिळतो म्हणून इंटेलवाला जुना मॅक घेऊ नका. २०२५ ची 'टाहो' ही इंटेल मॅकसाठी शेवटची मोठी आवृत्ती असल्याचं ॲपलने जाहीर केलं आहे. शाळकरी मुलासाठी कर्ज काढून मॅक घ्यायची काही गरज नाही.

बदल करण्याआधी

१. फोटो, दाखले, अभ्यासाच्या फाइल पेनड्राइव्ह किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करा. नंतर ती उघडून खात्री करा.

२. मिंट पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येते. आतली विंडोज तशीच राहते. वायफाय, आवाज, कॅमेरा, घरचा प्रिंटर चालतो का ते बघा. पटलं तरच इन्स्टॉल करा.

३. लाइट जाण्याची वेळ टाळा. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून चार्जर लावूनच इन्स्टॉल करा.

४. विंडोजवर मोबाइलच्या हॉटस्पॉटने नेट वापरत असाल, तर ते कनेक्शन 'मीटर्ड' करा. नाहीतर एका अपडेटमध्ये दिवसाचा डेटा संपतो. रेंज आणि डेटा असेल तेव्हा अपडेट मात्र आठवणीने करून घ्या.

५. मशीन फार सुस्त असेल तर जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवा. नव्या लॅपटॉपपेक्षा हा खर्च फार कमी, आणि फरक पहिल्याच दिवशी कळतो.

यादी करताना मुलामुलींना, खासकरून मुलीला, शेजारी बसवा. अनेक घरांत तो लॅपटॉप सगळ्यात जास्त तीच वापरते आणि फॉर्मही तीच भरते. तिला विचारल्याशिवाय दुकानात जाऊ नका.